दिवाळीत काय मिळालं?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, त्या पहिल्या दिवशी शिकवणे म्हणून काही होत नाही. मुलांच्या जिभेवर अजून चकलीची चव असते, हातांना फुलबाज्यांचा वास असतो आणि डोळ्यांत झोप असते. मी कडावात लहान मुलांच्या वर्गाला शिकवते. हा पहिला दिवस पार पाडण्याची माझी एक ठरलेली युक्ती होती. मुलांना गोल बसवायचे आणि एकेकाला विचारायचे, “दिवाळीत काय काय मिळालं?” प्रश्न सोपा, सांगायची मुलांना हौस, आणि बाईंना तासभर विसावा! याहून निरुपद्रवी प्रश्न दुसरा नसेल, असे मला कित्येक वर्षे वाटत असे.

हा लेख त्या प्रश्नाविरुद्ध आहे. आणि ज्या घराघरांतून दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून तोच प्रश्न मुलांच्या मनावर गोंदला जातो, त्या घरांविरुद्धही आहे. पहिली आरोपी मी स्वतः, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी चार शब्द कडक बोलले तर वाचकांनी राग मानू नये.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गोलातून उत्तरे येत होती. कुणाला रिमोटवर चालणारी मोटार, कुणाला डोळे मिटणारी बाहुली, कुणाला बटण दाबले की इंग्रजी गाणे म्हणणारा कुत्रा. एकाला तर वाढदिवस आणि दिवाळी मिळून बसून चालवायची बॅटरीची जीप! पाळी फिरत फिरत वाडीवरून येणाऱ्या एका मुलापाशी आली. आईबाप कापणीच्या दिवसांत मजुरीने भात कापणारे, आणि पुढे हंगाम संपला की वीटभट्टीचा रस्ता धरणारे. पोर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “माला पन मोटार. रिमोटची.”

“खोटं बोलतोय, बाई!” चार-पाच आवाज एकदम उठले. मी मास्तरकीला शोभेल असे काहीतरी पुटपुटले, “असू दे, असू दे,” आणि शेजारच्या मुलीकडे वळले.

संध्याकाळी घरी परतताना तो मला रस्त्यात दिसला. हातात दोरी, दोरीच्या टोकाला मोटार. जुन्या चपलेच्या तळव्यातून कापलेली चार गोल चाके, तेलाच्या रिकाम्या डब्याचा सांगाडा आणि पुढच्या चाकांना तार जोडून केलेले सुकाणू. थोरल्या भावाने मदत केली असेल, पण मोटार त्याची होती. तार ओढली की ती ऐटीत वळत होती. मी कौतुकाने दोन पावले पुढे झाले मात्र, त्याने चटकन मोटार पाठीमागे लपवली.

माझ्यापासून लपवली! पोराने वर्गात खोटे सांगितलेच नव्हते. दिवाळीत त्याच्याकडे मोटार आली होती. फक्त ती ‘मिळालेली’ नव्हती, ‘केलेली’ होती. आणि माझ्या प्रश्नात केलेल्या वस्तूला जागाच नव्हती. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हातच्या करामतीची लाज वाटावी, एवढी विद्या मी त्याला एका तासात दिली होती. मी कादंबऱ्या लिहिते. लोकांच्या तोंडचे एकेक वाक्य पारखून घेते. स्वतःच्या तोंडचे हे वाक्य मात्र मी इतकी वर्षे न पारखता वापरत होते.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा प्रश्नाचे काय घेऊन बसलात, बाई? तर मग त्या प्रश्नाचे मूळ कोठे आहे ते पाहू. ते शाळेत नाही, घरात आहे.

दिवाळी म्हणजे मुलाला काहीतरी विकत आणून द्यायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज नव्हे. नवे कपडे असत, फटाके असत, फराळ असे; पण दिवाळीतली मुलाची खास मिरास म्हणजे किल्ला. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की पोरे दगड-विटांच्या शोधात निघत. ढिगाऱ्यावर जुने गोणपाट, त्यावर कालवलेली माती, मातीत पेरलेले अळीव नाहीतर मोहरी, बुरुज, पायऱ्या, वाघाची गुहा, आणि हटकून गळणारे एक तळे. आमच्या भागाला तर यासाठी कशाची वाण नाही. हळवे भात कापून मोकळी झालेली खाचरे दारात आणि मातीला पैसा पडत नाही. नकाशा पाहायचा तर कशेळ्यावरून आंबिवलीकडे गेले की पेठचा किल्ला, म्हणजे आपला कोथळीगड, आकाशात सुळका उभारून बसलेलाच आहे. त्या सुळक्याच्या पोटातून खडकात कोरलेला जिना वर जातो. तो आपल्या मातीच्या किल्ल्यात कसा दाखवायचा, यावर भावंडांचे एक पुरे भांडण सहज होते!

पण पुण्या-मुंबईच्या बाजारांत गेली कित्येक वर्षे प्लॅस्टरचे तयार किल्ले विकायला येतात. रंगवलेले, बुरुजांसकट, कुठे कुठे झाडेही चिकटवलेली. असा एक किल्ला एका दिवाळीत माझ्याही घरी आला. मुलगा पाच वर्षांचा होता. माझ्या मागे शाळेची कामे, फराळ, एका कादंबरीची उरलेली प्रकरणे. शिवाय अंगणात चिखल नको, हा स्वार्थ होताच. मुलाने किल्ला पाहिला, हरखला, महाराजांना वर बसवले, मावळे लावले. पाच मिनिटांत सारे उरकले. मग माझ्याकडे वळून विचारतो, “आई, आता काय करू?”

“बघ ना किती छान आहे!” मी म्हणाले.

“बघितला,” तो म्हणाला.

या एका शब्दात त्या खरेदीचा सारा हिशेब होता. किल्ला पाहण्याची वस्तू नव्हती, करण्याची होती. आणि ते करणे मी पैसे देऊन दुसऱ्या कुणाकडून करवून घेतले होते. माझ्या मुलाचे चार दिवसांचे काम मी त्याच्या हातून काढून घेतले आणि वर त्याला भेट म्हटले! एखाद्या सुगरणीच्या हातची करंजीची परात काढून घ्यावी, तिच्यापुढे दुकानातला पुडा ठेवावा आणि म्हणावे, “ही घ्या तुमची दिवाळी.” मोठे माणूस अशाने रागावते. लहान मूल रागावत नाही, ते कंटाळते. आणि मुलाचा कंटाळा पाहून आपण काय करतो? आणखी एक खेळणे आणतो.

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे की लहान मुलाला देण्याची वस्तू अपुरी असावी. त्याचा हात लागल्याशिवाय जी पुरी होत नाही, तिला भेट म्हणावे. जी दुकानातूनच पुरी होऊन येते, तिच्यात मुलाला वाव नाही. ते तिचा धनी नव्हे, प्रेक्षक होते.

हे माझ्यासारख्या खेड्यातल्या बाईचे खूळ आहे, असे कुणी समजू नये. १८३७ साली जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग येथे फ्रेडरिक फ्रोबेल याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्याने मुलांसाठी वस्तूंचे जे संच तयार केले, त्यांना त्याने शब्दच ‘भेटी’ असा वापरला. काय होते त्या भेटींत? पहिल्या भेटीत लोकरीचे रंगीत मऊ चेंडू. दुसरीत लाकडाचा गोल, दंडगोल आणि घन. तिसरीत एक लाकडी घन, आठ लहान घनांचा बनलेला. बस्स! ते आठ ठोकळे घेऊन मुलाने खुर्ची करावी, भिंत करावी, जिना करावा, मोडावा आणि पुन्हा आठांचा एक घन करून पेटीत ठेवावा. गाणे नाही, दिवा नाही, बॅटरी नाही. पण ज्या माणसाने लहान मुलांच्या शाळेला सगळ्या जगात नाव मिळवून दिले, त्याला भेट म्हणून याहून जास्त द्यावेसे वाटले नाही.

फार दूर जायलाही नको. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात, आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. माँटेसरीबाईंची साधने उत्तम, पण महाग. तेव्हा ताराबाईंनी समुद्राकाठचे शिंपले, झाडांच्या बिया, पाने, खडे यांतून मोजण्याची आणि ओळखण्याची साधने केली. ज्या वस्तू मुलांच्या पायांखाली होत्या, त्याच त्यांनी मुलांच्या हातांत ठेवल्या आणि त्यांना मान दिला. आज गावोगाव पसरलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द ताराबाईंच्या त्याच कामातून आपल्याला मिळाला. पुण्यात ‘आयुका’च्या बालविज्ञान केंद्रात वर्षानुवर्षे काम केलेले अरविंद गुप्ता शिकले कानपूरच्या आय.आय.टी.त, पण त्यांची कीर्ती झाली आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे आणि टाकाऊ बाटल्या यांची खेळणी करण्यात. २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मी मात्र चपलेच्या चाकांची मोटार करणाऱ्या पोराला वर्गात खोटारडा ठरू दिले!

आता समोरच्या बाजूचे म्हणणे ऐकू. न ऐकता निवाडा देणे बरे नव्हे.

पहिले म्हणणे असे की, “आम्हाला लहानपणी काही मिळालं नाही, मुलांना तरी मिळू दे.” यात माया आहे, तिची मी थट्टा करणार नाही. आमच्या तालुक्यात जमिनींना भाव आला, मुंबईकरांची शेतघरे उठली, पोरांना नोकऱ्या लागल्या. ज्या घरात एक फुगा यायला जत्रेची वाट पाहावी लागे, त्या घरात आज चार पैसे आहेत. ते मुलावर खर्चावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण आपली हौस मुलाच्या वयाला लागू पडते का, एवढे तरी पाहावे की नको? आपल्याला बसायची जीप मिळाली नव्हती, हे आपले दुःख. पाच वर्षांच्या मुलाचे ते दुःख नाही. त्याच्या नावाने आपण आपलेच बालपण विकत आणतो आणि वर त्याने आनंदाने उड्या माराव्यात अशी अपेक्षा करतो.

दुसरे म्हणणे, “मूलच मागतं, हट्ट करतं.” मागते खरे. पण कशाच्या जोरावर मागते? जे पाहिले तेच मागते. शेजारच्या मुलाकडे पाहिले, मोबाईलवर पाहिले. ज्या मुलाने भावंडांबरोबर चिखल कालवलाच नाही, ते चिखल कसे मागणार? आणि मागितले ते सगळे दिले तर काय होते, याचा अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात झालेला एक छोटा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. ३६ लहानग्यांना एकदा चार खेळणी देऊन खेळू दिले आणि एकदा सोळा. चार असताना मुले एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. सोळांत ती नुसती इकडून तिकडे भिरभिरली. विद्यापीठाने न सांगताही हे कोणत्याही आजीला ठाऊक असते, ही गोष्ट निराळी.

तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार आहे. “बाई, हे गरिबीचे गोडवे आहेत. गरिबाचे पोर चपलेची मोटार करते ते हौसेने नव्हे, दुसरे काही नाही म्हणून.” कबूल. अगदी कबूल! त्या मुलाला पुस्तक हवे, दूध हवे, आईबाप भट्टीवर गेले तरी त्याची शाळा सुटायला नको. त्याच्या दारिद्र्याला मी कला म्हणणार नाही. त्याच्या बापाने बाजारातून दहा रुपयांची शिटी आणली तर त्याला उपदेश करण्याची माझी प्राज्ञा नाही. त्या शिटीत त्याची दिवसभराची कापणी आहे. माझे भांडण ज्यांना निवड आहे त्यांच्याशी आहे, म्हणजे माझ्याशी आणि हा दिवाळी अंक ज्यांच्या घरी विकत येतो त्यांच्याशी.

आणि या निवड असलेल्यांची आणखी एक रीत मला बोलून दाखवलीच पाहिजे. दिवाळीच्या सुमारास शहरातून मोटारी येतात, वाडीवर थांबतात. आईबाप कौतुकाने आपल्या मुलांना पुढे करतात, “दे रे त्यांना.” पिशवीतून निघते काय? एक हात नसलेली बाहुली, तीन चाकांची आगगाडी, अर्धे तुकडे हरवलेले कोडे. मग फोटो. मुलाला देण्याचा संस्कार व्हावा, हा हेतू. पण मूल शिकते ते असे, की चांगले ते माझे आणि मोडके ते त्यांचे. सगळेच असे करीत नाहीत, मनापासून नवीकोरी वह्या-पुस्तके आणणारेही मी पाहिले आहेत. पण मोडके देणाऱ्यांनी कृपा करून आपल्या मुलांना यातून वगळावे.

देण्याचा संस्कार करण्याची सोय आपल्या सणात आधीपासून आहे. भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि तीन वर्षांचा भाऊ मुठीतले नाणे तबकात टाकतो. नाणे आईने दिलेले असते हे खरे, पण हात त्याचा असतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली ज्या संस्थेचा पाया घातला, तिच्यासाठी महाराष्ट्रातल्या घराघरांतून भाऊबीज गोळा होत आली. न पाहिलेल्या बहिणींच्या शिक्षणाला लोकांनी ओवाळणी घातली. म्हणजे दिवाळीच्या भेटीत मूल घेणाऱ्याच्या जागी बसवलेले नव्हते, देणाऱ्याच्या जागी बसवलेले होते. आपण त्याची जागा बदलली.

तेव्हा आईबापांनी करायचे काय? दुकानात जाऊच नये काय? अवश्य जावे. मी काही संन्यास सांगत नाही. पण जाताना मनाशी एक प्रश्न न्यावा: ही वस्तू घरी नेल्यावर काम कोण करणार, वस्तू की मूल? वस्तूच नाचणार, गाणार, पळणार असेल तर मुलाला उरले काय? लाकडी ठोकळे, रंगखडू आणि कोरे कागद, चेंडू, बोथट कात्री, मातीचा गोळा, चित्रांचे पुस्तक, सावंतवाडीचा लाकडी भाजीपाला किंवा भातुकली, यांत मुलाला मुबलक काम आहे. आणि एकच गोष्ट आणावी, पाच नकोत. वस्तूवर आय.एस.आय.ची खूण पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ती सक्तीची आहे, आणि रस्त्यावरच्या स्वस्त मालावर ती बहुधा नसते. तीन वर्षांखालच्या मुलाला सुटे बारीक भाग असलेले काही देऊ नये. बटणाएवढ्या चपट्या बॅटरीच्या बाबतीत तर फार जपावे. मुलाने ती गिळली तर अन्ननलिका आतून भाजते. क्षणभरही घरी थांबू नये, दवाखाना गाठावा. खेळण्यात ती असेलच तर झाकण स्क्रूने पक्के आहे ना, ते घेण्यापूर्वी पाहावे.

आणि सर्वांत अवघड ते शेवटी सांगते. अपुरी वस्तू दिली की तिच्यापाशी मुलाबरोबर थोडे बसावे लागते. तयार वस्तूचे खरे आकर्षण हेच की ती आपल्याला मोकळे करते. मी तो प्लॅस्टरचा किल्ला मुलासाठी आणला नव्हता, माझ्या सवडीसाठी आणला होता. हे स्वतःशी कबूल करायला मला वर्षे लागली.

त्या मुलाच्या मोटारीचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही. त्या वर्षी भट्ट्या सुरू झाल्या आणि तो आईबापांबरोबर गेला. पुढच्या वर्षी तो माझ्या वर्गात नव्हता. त्याची क्षमा मागायची राहून गेली. मला उरला होता तो फक्त माझा प्रश्न, तेवढा मी बदलला.

आता सुट्टीनंतर मी मुलांना गोल बसवते आणि विचारते, “दिवाळीत काय केलंस?” उत्तरे ऐकण्यासारखी असतात. कुणी करंज्या कातल्या, “तीन फुटल्या, बाई, पण मीच खाल्ल्या.” कुणी पणत्यांत वाती घातल्या. कुणी बापाबरोबर खळ्यावर झोपले आणि रात्री रानडुकराचा आवाज ऐकला. वाडीवरची एक मुलगी म्हणाली, “भावाला संभाळला,” आणि सगळा वर्ग गप्प बसून तिच्याकडे आदराने पाहू लागला, कारण तिचा भाऊ किती द्वाड आहे हे सर्वांना माहीत होते.

पण गोलात गप्प बसणारे एक मूल अजूनही असते. गेल्या वर्षी ते चांगल्या घरातले होते. अंगावर नवे कपडे, घरी खेळण्यांनी भरलेले कपाट. “काय केलंस रे दिवाळीत?” मी दोनदा विचारले. त्याने बराच वेळ आठवून पाहिले. मग मान खाली घालून म्हणाला, “काहीच नाही.”

त्या पहिल्या पोराच्या गप्प बसण्याला माझ्यापाशी औषध नव्हते. त्याला मजुरीचे दर बदलावे लागतात, भट्ट्या बदलाव्या लागतात. पण या दुसऱ्या मुलाच्या गप्प बसण्याला एक टोपले माती पुरते आणि संध्याकाळचा एक तास. आईबाबांनो, अजून चार दिवस आहेत. माती भिजवा आणि त्याला हाक मारा.